झाकणाचा उतार

५ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं. मासे टाकीतून उड्या मारतात, सकाळी फरशीवर सापडतात, आणि त्यावर उपाय म्हणून तुमच्या प्रयोगशाळेत टाक्यांवर मच्छरदाणीचे तुकडे सुतळीने बांधले आहेत, हे वाचून मी हातातली कातर खाली ठेवली. तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं आहे, माशांना डास तरी चावत नसतील." तिला यात गंमत दिसते, मला लाज दिसते. सख्खा मामा पत्र्याचं काम करतो आणि भाचीच्या टाकीला सुतळी.

तू पाठवलेल्या मापांत एक चूक होती. चारही टाक्या एकाच कारखान्याच्या, तर तिसरीचीच रुंदी चार मिलिमीटर जास्त कशी? तू पट्टी तिरकी धरली असणार. मी तुझं माप सोडून माझं धरलंय. बसलं नाही तर कळव. बसेल.

पार्सलमध्ये चार झाकणं आहेत. पाचवं जादा केलं होतं, ते मामीने ठेवून घेतलं. पत्रा पहिल्या प्रतीचा आहे, गंजायचं नाव घेणार नाही. कडा आत दुमडून ठोकल्यात. सगळीकडून बोट फिरवून बघ, कुठे ओरखडा उठला तर मिशी उतरवीन.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलं होतंस की पाणी कोमट ठेवावं लागतं, वाफ धरते, पाणी कडेने ओघळतं, आणि तुमच्या मार्गदर्शक बाई परवा ओल्या फरशीवर पडता पडता वाचल्या. म्हणून झाकण सपाट केलेलं नाही. चारी बाजूंनी मध्याकडे उतार दिलाय, उथळ परातीसारखा. वाफेचं पाणी पत्र्याला धरेल, उताराने मध्यावर येईल आणि जिथून आलं तिथेच पडेल. एक थेंब बाहेर जाणार नाही. हा उतार जमेपर्यंत किती पत्रा वाया गेला ते विचारू नकोस. बाजारात मला मिलिमीटर म्हणतात ते काही उगाच नाही.

धातू पाजून तू माशांचं नेमकं काय बघतेस, ते नीट लिही. मी शाळा लवकर सोडली, पण धातूंवरची पुस्तकं रद्दीवाल्याकडून किलोने आणून वाचलीत. समजेल. आणि फोन कर म्हणू नकोस. इतकी वर्षं पत्रा ठोकून कानांत जी घंटा बसली आहे, ती तुझ्या आवाजापेक्षा मोठी आहे.

तुझा मामा

ता. क. मामीकडून: पाचवं झाकण बंबाशेजारच्या गरम पाण्याच्या चौकोनी पिंपावर चपखल बसलं. यांनी ते पिंपासाठीच मुद्दाम जादा केलं होतं, पण कबूल करत नाहीत.


२० जानेवारी

प्रिय मामा,

झाकणं बसली. तिसरंही बसलं. पट्टी तिरकीच धरली होती.

बाईंनी एक झाकण उचलून खिडकीशी नेऊन बघितलं, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुठून मागवलंस?" मी म्हटलं, मामाकडून. त्या म्हणाल्या, "मामा बदलू नकोस." फरशी आता कोरडी ठणठणीत आहे आणि एकही मासा बाहेर आलेला नाही. त्यांनी उड्या मारून बघितल्या. डोकं आपटल्याचा टण आवाज येतो, मग ते शहाण्यासारखे खाली जातात.

आता मी काय करते ते सांगते. माशाच्या यकृतात आणि मूत्रपिंडात एक छोटंसं प्रथिन असतं. त्याचं काम धातू पकडून ठेवणं. पाण्यातून कॅडमियमसारखा वाईट धातू शरीरात आला की हे प्रथिन त्याला गच्च धरतं, म्हणजे तो मोकाट फिरून पेशींची नासधूस करत नाही. मामीच्या घरी दंगेखोर पाहुणा आला की ती त्याचा हात धरून खुर्चीत बसवते, समोर चहा ठेवते आणि उठू देत नाही, तसंच. आणि गंमत म्हणजे यकृताकडे हे प्रथिन एरवी थोडंसंच असतं. धातू येऊ लागला की ते नवं बनवायला घेतं. जास्त धातू, जास्त प्रथिन. पण त्यालाही मर्यादा आहे. धातू फारच आला तर हात कमी पडतात आणि मासा आजारी पडतो.

माझ्या चार टाक्यांपैकी दोन कायम साध्या पाण्याच्या. उरलेल्या दोनमधले मासे आधी काही आठवडे रुळू द्यायचे, मग त्यांच्या पाण्यात अगदी थोडं कॅडमियम घालायचं. शेवटी चारही टाक्यांतल्या माशांची यकृतं तपासायची. साध्या पाण्यातल्यांत प्रथिन कमी, कॅडमियमवाल्यांत जास्त, असा फरक स्वच्छ दिसला पाहिजे. मागच्या वर्षीच्या छोट्या प्रयोगात तो दिसला होता. आता मोठ्या प्रमाणावर दिसला की मे महिन्यात समिती मला काम पुढे चालवायला आणखी एक वर्ष देईल. नाही दिसला तर टाक्या दुसऱ्या कुणाला जातील आणि मी घरी येईन. तुमच्या दुकानात हिशेबाला बसेन म्हणा, पण तुम्ही मला पट्टी धरायला देणार नाही.

तुमची भिंगरी


३१ जानेवारी

प्रिय भिंगरी,

समजलं. मामीचं उदाहरण चांगलं आहे, पण ढोबळ आहे. तुझं प्रथिन म्हणजे चिमटा. तापलेला तुकडा हाताने धरत नाहीत, चिमट्याने धरतात. आणि यकृत हा असा कारखाना, की जिथे गरम माल यायला लागला की आधी चिमटे बनवतात. इथून पुढे मी चिमटा म्हणणार, तू काय म्हणायचं ते म्हण.

कारखाना पटला. पण एक शंका आहे. यकृताला कळतं कसं की आलेला धातू वाईट आहे? माझ्याकडे तांबं येतं, जस्त येतं, कथील येतं, सगळं चिमट्यानेच उचलतो. तुझा चिमटा चांगला-वाईट बघतो का?

बाईंना माझा नमस्कार सांग. त्या झाकण खिडकीशी घेऊन गेल्या हे वाचून बरं वाटलं. काम बघायचं ते उजेडातच. शेजारच्या कुलूपवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मिलिमीटर, आता माशांची टोपी शिवायला घे." त्याची कुलपं दर महिन्याला परत येतात. मी दुकान उघडल्यापासून माझं एकही काम परत आलेलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो.

मामा

ता. क. मामीकडून: ते सगळं ठीक. मासे नीट जेवतात का?


८ मार्च

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला, कारण इथे सगळं बिघडलंय.

पहिली यकृतं तपासली. कॅडमियमच्या टाक्यांतल्या माशांत चिमटे भरपूर आहेत, ते असायलाच हवेत. पण साध्या पाण्यातल्या माशांतही भरपूर आहेत. ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांच्या कारखान्यात दिवसपाळी-रातपाळी चालू असल्यासारखी. मोजमाप चुकलं म्हणून पुन्हा केलं. तेच आलं. मागच्या वर्षीची गोठवून ठेवलेली यकृतं काढून तीही मोजली. ती अगदी शहाणी, साध्या पाण्यातल्यांत जेमतेम चिमटे. म्हणजे पद्धत बरोबर आहे, यंदाचे मासेच काहीतरी बोलत आहेत.

खाद्य तपासलं, ठीक आहे. नळाचं पाणी ठीक आहे. सुऱ्या, भांडी सगळं दोनदा धुतलं. बाई रागावल्या नाहीत, त्यानेच जास्त भीती वाटते. नुसतं म्हणाल्या, "साध्या टाकीत काय शिरतंय ते शोध. मेच्या आत."

तुमच्या शंकेचं उत्तर: नाही, चिमटा चांगलं-वाईट बघत नाही. जस्त, तांबं हे शरीराला थोडे लागणारे धातू, तेही तो धरतो, आणि ते जास्त झाले तरी यकृत चिमटे बनवायला घेतं.

सहज विचारते, झाकणांच्या पत्र्यावर मुलामा कशाचा आहे हो?

भिंगरी


१५ मार्च

प्रिय भिंगरी,

जस्ताचा. आणि साधासुधा नाही. ज्या पत्र्याची पन्हाळी उन्हापावसात टिकते त्याच्यावरचा, दुप्पट जाडीचा मुलामा. दुकानदार म्हणत होता हलका घ्या, माशांना काय कळतंय. मी म्हटलं, भाचीचं काम आहे.

तुझी अडचण मी दोनदा वाचली. माझ्या मते खाद्य. खाद्य विकणारा माणूस शपथेवर खरं सांगत नसतो. त्याच्या गोणीच्या तळाचा नमुना घे, वरचा सगळेच घेतात. दुसरं, हवेचा पंप. तिसरं, तो तुमचा टाक्या धुणारा हातात अंगठी घालतो का बघ. झाकणांकडे मात्र वेळ घालवू नकोस. ती पाण्याला टेकतसुद्धा नाहीत, पाण्यापासून चांगली चार बोटं वर आहेत. आणि माझं काम मला माहीत आहे.

धीर सोडू नकोस. चूक ही नेहमी कुठल्यातरी एका जागी असते, सगळीकडे नसते. माझी पद्धत अशी: एकेक सांधा पाण्याने भरायचा आणि गळतं कुठे ते बघायचं.

मामा

ता. क. मामीकडून: जेवतात का ते तू लिहिलंच नाहीस. तूही जेवतेस का?


२८ मार्च

प्रिय मामा आणि मामी,

मी मजेत आहे. कारण बहुतेक सापडलं. पाण्यात काहीतरी उतरत होतं. ते कशातून ते फार महत्त्वाचं नाही, आता ते थांबवलंय. पाणी तपासून देणारे आमचे एक पाणीवाले आहेत, त्यांनी फार मदत केली. पाणीवाले रोज संध्याकाळी थांबून माझे नमुने तपासायचे. पाणीवाल्यांचा स्वभाव खूप शांत आहे.

मेपर्यंत नवा प्रयोग उभा राहणं अवघड आहे, पण बघू.

झाकणं छान आहेत.

भिंगरी


५ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. मामीने वाचून पेन्सिलीने तीन ठिकाणी रेघ ओढली. तिन्ही ठिकाणी पाणीवाले. ती म्हणते, "पोरीचा माशांवरचा जीव उडाला आणि पाण्यावर जडला." माझं यावर काही मत नाही, पण त्यांचं वय, शिक्षण आणि घरी कोण कोण असतं ते कळवलंस तर मामीचं मन शांत होईल. माझंही.

मला दुसरंच खुपलं. तू लहानपणापासून एखादी गोष्ट सापडली की ती कशी सापडली याचं पुराण लावतेस. हरवलेलं पेन सापडलं तरी दोन पानं. आणि इथे तुझं अख्खं वर्ष अडवणारी गोष्ट सापडली, ती "काहीतरी", आणि कशातून ते "महत्त्वाचं नाही". शिवाय "झाकणं छान आहेत." जानेवारीत त्यांच्यावर अर्धं पान होतं.

काय उतरत होतं, भिंगरी?

मामा

ता. क. मामीकडून: मी तिसऱ्यांदा विचारतेय. मासे जेवतात का? साध्या पाण्यातले नव्हे, ते विष घातलेले. मला रोज त्यांचीच आठवण येते.


१९ एप्रिल

प्रिय मामा,

आधी पाणीवाले. ते पुढच्या वर्षी निवृत्त होतात, त्यांना दोन नातवंडं आहेत, आणि माझ्यावर त्यांचा जीव इतकाच की मी त्यांना नमुने वेळेवर देते. मामीला सांगा, रेघा खोडून टाक.

आता जे लिहायला मी दोन पत्रं टाळलं ते. जस्त उतरत होतं, आणि ते झाकणांतून. झाकण पाण्याला टेकत नाही हे खरं, पण वाफ झाकणाला टेकते. पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी धरतं, मुलाम्यातलं जस्त घेतं आणि उताराने मधोमध येऊन थेट माशांवर पडतं. आत पांढरी भुकटी धरली होती. झाकण सपाट असतं, वाकडं असतं, कुणी निष्काळजीपणे केलेलं असतं, तर अर्धंअधिक पाणी बाहेर गळून गेलं असतं. पण ते तुम्ही केलेलं होतं. एक थेंबही बाहेर गेला नाही.

मार्चअखेरीला चारही झाकणं काढून कपाटात ठेवली आणि तुम्हाला खोटंखोटं लिहिलं. "एकही काम परत आलेलं नाही" हे वाचल्यावर मला दुसरं काही लिहिता येईना.

पण पत्र अजून संपलेलं नाही. बसून वाचा.

मामीचा तिसरा प्रश्न आला तेव्हा मला हसू आलं, आणि तिला एकदाचं उत्तर द्यावं म्हणून मी रोजच्या नोंदींतून कॅडमियमच्या टाक्यांचं खाणं काढलं. मी इतके दिवस साध्या टाक्यांसाठी रडत होते, या टाक्यांकडे धड बघितलंच नव्हतं. मामा, ते जेवत होते. मागच्या वर्षी तेवढंच कॅडमियम घातल्यावर मासे दुसऱ्या आठवड्यात तळाशी जाऊन बसले होते, खाद्य टाकलं तरी वर बघत नव्हते. यंदाचे शेवटपर्यंत खाद्यावर तुटून पडत होते. मग त्यांची यकृतं सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बघितली. नासधूस मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी कमी.

कारण कॅडमियम पाण्यात पडायच्या आधी काही आठवडे ते तुमच्या झाकणाखाली होते. थेंबाथेंबाने जस्त मिळत होतं. यकृताने चिमटे बनवून तयार ठेवले होते. पाहुणा दारात आला तेव्हा मामी खुर्ची मांडून उभीच होती.

असं होतं हे मोठ्या लोकांना माहीत आहे, मी काही नवा शोध लावलेला नाही. पण आमच्या या माशात, इतक्या थोड्या जस्ताने, हळूहळू दिल्यावर, हे कुणी मोजलेलं नाही. बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "मग तुझा प्रश्न चुकीचा होता. झाकण बरोबर होतं." आता समितीपुढे हा नवा प्रश्न मांडायचा आहे.

त्यासाठी टाक्या आठ लागतील, त्याच मापाच्या आणखी चार बाई देतायत, आणि तुमच्याकडून काम हवंय. झाकणं आणखी चार, पहिल्यांसारखीच हुबेहूब. तोच पत्रा, तोच मुलामा, तोच उतार. आणि तुलनेसाठी चार त्याच आकाराची, त्याच उताराची, पण प्लास्टिकच्या शीटची, ज्यातून काहीही उतरणार नाही. एक विनंती: पहिल्यांमध्ये काही सुधारू नका. तुमचा हात शिवशिवेल. कृपा करून सुधारू नका.

तुमची भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरी,

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मीच शोधलं.

काल मामीने पिंपावरचं झाकण घासायला उलटं ठेवलं होतं. आतल्या बाजूने पांढरं. मला वाटलं, साबण. बोटाने पुसलं, खाली पत्रा मंद पडलेला. मी तिथेच मोरीत उकिडवा बसलो. बंद जागा, कोमट वाफ, नवा मुलामा: जस्त पांढरं पडणारच. हे मला माहीत आहे, दहा गिऱ्हाइकांना मी स्वतः बजावलंय की ओला पत्रा एकावर एक रचू नका. फक्त तुझ्या टाक्यांशी ते मी जोडलं नाही, कारण माझं सगळं लक्ष फरशी कोरडी ठेवण्यावर होतं.

म्हणजे तुझ्या माशांच्या तोंडात जस्त मी घातलं. उतार देऊन, मापात, थेंब न सांडता.

झाकणं फेकून दे. नाही, फेकू नकोस, परत पाठव. माझं काम आहे, परत माझ्याकडेच आलं पाहिजे. मी काचेच्या दुकानातून काच कापून पाठवतोय. तुमच्या समितीला माझं नाव-पत्ता दे आणि सांग, दोष मुलीचा नाही, पत्रेवाल्याचा आहे. मी तिथे येऊन उभा राहायला तयार आहे. पट्टी घेऊन येईन.

मामा

ता. क. मामीकडून: जेवायला बसत नाहीत. मोरीत बसतात. काहीतरी लिही.


२७ एप्रिल

प्रिय भिंगरी,

आपली पत्रं वाटेत कुठेतरी एकमेकांशेजारून गेली असणार. तुझं मला मिळालं तेव्हा माझं तुझ्या हातात पडलं असेल. मी रडत होतो आणि तू मागणी नोंदवत होतीस.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. "ते जेवत होते" इथे ती थांबली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मी विचारत होते, विचारत होते." आता ती दिवसातून दोनदा हे ऐकवते. तुझ्या विज्ञानात तिचा हात आहे, असं तिने कुलूपवाल्याच्या बायकोलाही सांगितलंय.

काम सुरू केलं. इतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही. चांगलं करायचं तर हात आपोआप जातो. पण हेच पुन्हा करायचं, या कोपऱ्यात उतार केसभर कमी पडला होता तो तसाच कमी ठेवायचा, हे माझ्या जिवावर येतं. पिंपावरून काढलेलं मामीचं झाकण समोर टांगून बघून बघून करतोय. एकदा सवयीने कोपरा सरळ केला, मग पुन्हा वाकडा केला. स्वतःच्या चुकीची नक्कल करायला नवं काम करण्यापेक्षा जास्त काळजी लागते, हे मला या वयात कळलं.

प्लास्टिकला मी आजवर हात लावला नव्हता. गरम करून वाकवायचं असतं म्हणे. पहिली शीट जळली, दुसरी पापडासारखी मुडपली. तिसरी बसली. उतार तोच आहे, पट्टी लावून तपासलाय. वजनाला काही नाही. हातात धरल्यावर काही धरलंय असं वाटतच नाही. पण काहीही उतरणार नाही, हे लिहून देतो.

मी फळ्यावर "माशांना हितकारक झाकणं मिळतील" असं लिहायचं म्हणतोय. तुझं मत कळव.

मामा


६ मे

प्रिय मामा,

फळा ताबडतोब पुसा. जस्त थोडं होतं म्हणून जमलं. जरा जास्त झालं असतं तर त्यानेच मासे मेले असते. आणि कुठल्याही घरच्या टाकीवर असलं झाकण घालायचं नाही. चिमट्यालाही मर्यादा आहे, हे मी जानेवारीतच लिहिलंय. कुलूपवाल्याने फळा वाचला असेल तर त्यालाही सांगा.

झाकणं पोचली. आठही बसली. पत्र्याची चार आणि पहिली चार शेजारी ठेवून बाईंनी ओळखायचा प्रयत्न केला. त्यांना ओळखता आली नाहीत. फक्त पांढरं पडलेलं बघून कळलं.

काल समिती झाली. एक सभासद म्हणाले, "पण ही सुरुवात तर चुकीतून झाली." बाई म्हणाल्या, "हो. फार काळजीपूर्वक केलेल्या चुकीतून." आणि पत्र्याचं झाकण टेबलावर ठेवलं. त्या सभासदाने ते उचललं, कडेवरून बोट फिरवलं. मी बघतच होते. सगळे तेच करतात.

वर्ष मिळालं, मामा.

भिंगरी


१८ नोव्हेंबर

प्रिय मामा आणि मामी,

निकाल आला. थोडक्यात सांगते, सविस्तर मामांसाठी वेगळ्या पानावर आहे, आलेखासकट. मापं दशांशापर्यंत दिली आहेत.

पत्र्याच्या झाकणाखालचे मासे कॅडमियम घातल्यावरही जेवत राहिले. प्लास्टिकच्या झाकणाखालचे पुढे पुढे मंदावले. यकृतातले चिमटे पत्र्याखालच्यांत आधीपासून तयार होते, प्लास्टिकखालच्यांत ते कॅडमियम आल्यावर घाईघाईने बनवावे लागले. मूत्रपिंडातही तोच कल, पण कमी. बाई म्हणाल्या, इतका स्वच्छ फरक त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. आठ झाकणांचे आठ उतार एकसारखे असल्याशिवाय तो दिसला नसता, हेही म्हणाल्या. मामा, हे मी माझं घालत नाही, त्यांचं सांगतेय.

मामी, प्लास्टिकखालच्यांसाठी वाईट वाटू देऊ नकोस म्हणणार होते, पण मलाही वाटलं. ज्या टाक्यांचा प्रयोग संपला, त्यांतल्या उरलेल्यांना आता स्वच्छ पाण्यात ठेवलंय. आज सकाळी जेवले.

सोबतच्या पार्सलमध्ये जानेवारीच्या पहिल्या चारांपैकी एक झाकण आहे. तिसऱ्या टाकीचं, ज्याचं माप मी चुकवलं होतं. एप्रिलमध्ये तुम्ही लिहिलं होतंत की तुमचं काम परत तुमच्याकडेच आलं पाहिजे. पाठवायला उशीर झाला, कारण मध्ये त्याची गरज होती.

तुमची भिंगरी


२६ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

पार्सल आलं. आलेख भिंतीला लावला. तिसऱ्या रेघेवरचा एक ठिपका बाकीच्यांपेक्षा किंचित वर आहे, त्याचं कारण कळव.

झाकण धुतलं नाही. पांढरं तसंच ठेवलंय. दुकानात शिरल्यावर समोरच खिळा ठोकून टांगलंय, आतली बाजू बाहेर करून, म्हणजे उतार दिसेल. काल कुलूपवाला आला, त्याने झाकणाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "मिलिमीटर, हे काय टांगलंयस? खराब झालेलं दिसतंय."

मी म्हटलं, "परत आलेलं काम आहे. बोट फिरवून बघ."

मामा

ता. क. मामीकडून: पिंपाला आता लाकडाचं झाकण आहे. आणि हे जेवतात, पोटभर.